आवाज नसलेली गाडी

२ नोव्हेंबर, रविवार
अक्कलकोटहून परत. वळसंगच्या अलीकडे गाडी पुन्हा तापली. बॉनेट उघडून पंचवीस मिनिटं लिंबाखाली बसलो. सत्तावीस वर्षांची गाडी, हिचा एकेक स्क्रू माझ्या हाताखालून गेलाय, पण हिचा रेडिएटर आता कुठंच मिळत नाही. सुनंदा म्हणाली, "अव्वाचं काही खरं नाही. मला दर रविवारी तिच्याजवळ पोचायचंय. वाटेत झाडाखाली बसायचं नाही." सासूबाई खरंच फार उतरल्यात. म्हणजे नवीन गाडी. ठरलं.

उरलेल्या रस्त्यात सु. खिडकीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती. हल्ली गाडीत बसली की चालू करते. आईसाठी जप असावा. मी विचारत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार
दोनच गाड्यांवर आलो. एक छोटी इलेक्ट्रिक, एक पेट्रोलची सेडान. किंमत जवळपास सारखी, म्हणून तर घोळ. यापुढे इ. आणि पे. एवढंच लिहितो.

दोन्हींची माहितीपत्रकं ओळन् ओळ वाचली. इ.च्या पत्रकात मोटरला 'इंजिन' छापलंय. पेन्सिलीने खोडून बाजूला दुरुस्ती केली. पुण्याहून पल्लवीचा फोन, तिचं म्हणणं इ.च घ्या. लेक इंजिनिअर, मी नववी नापास. पण तिच्या पुस्तकातली व्हॉल्व्हची आकृती उलटी छापलीय, हे तिच्या सरांच्या आधी मी सांगितलं होतं. हल्ली फोनवर फार भराभर बोलते. सु.कडे दिला.

इ.मध्ये मी ऐकायचं काय? तीस वर्षं गाडी कानाने बघितली. करमाळ्याहून लोक गाडी दाखवायला यायचे. बॉनेट न उघडता सांगायचो, तीन नंबरचा टॅपेट सैल आहे. शंका असली तर लांब पेचकसाचं टोक इंजिनावर आणि मूठ कानामागच्या हाडावर. हे मला कुणी शिकवलेलं नाही. मीच इक्बालला शिकवलं. तो एकोणीस वर्षं माझ्याबरोबर गॅरेजमध्ये आहे.

माझ्या मनाने पे.

६ नोव्हेंबर, गुरुवार
पे. चालवून बघायला गेलो. सु. मागे, शोरूमच्या बाई शेजारी. चावी नाही, बटण. दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. तिसऱ्यांदा दाबायला बोट नेलं तर बाई म्हणाल्या, "सर, पहिल्यांदाच चालू झाली होती की. दुसऱ्यांदा तुम्ही बंद केली."

समोर काटा होता. बघायचं सुचलंच नाही. इंजिन चालू आहे की बंद, हे मी आयुष्यात काट्याकडे बघून ठरवलेलं नाही.

म्हटलं, बटण किती वेळात काम करतं ते तपासत होतो. बाईंनी मान हलवली. आरशात सु. दिसत होती. ती खाली पदराकडे बघत होती.

एसीचा पंखा जोरात होता. बाहेर ट्रक उभा होता. लिहून ठेवतो.

७ नोव्हेंबर
कानात कोमट तेल घातलं. थंडी सुरू झाली की दडा बसतो.

९ नोव्हेंबर, रविवार
शोरूमने इ. दिवसभर ठेवायला दिली. मी चांगलं म्हटलं तर माझी गिऱ्हाइकं येतील, हा हिशेब. असू दे.

सकाळी साडेसातला निघालो. चालू झाली हे सु.लाही कळलं नाही. म्हणाली, "झाली का चालू?" बरं वाटलं. या गाडीत सगळेच बहिरे.

कुंभारी मागे पडली. काचा बंद, एसी नको म्हटलं, चाळीसच्या वर नेली नाही. सु.ने नेहमीसारखं तोंड खिडकीकडे केलं.

जप नव्हता.

पहिला शब्द "अहो" होता.

बोलत होती ती माझ्याशी. ऐकू जाणार नाही या भरवशावर. गुडघा दिवाळीपासून दुखतोय, जिन्यावर रडू येतं. अव्वाने मागच्या रविवारी तिला ओळखलं नाही, धाकटी बहीण समजून बोलत राहिली. पल्लवीला कुणीतरी आवडलाय, पुण्याचाच आहे, हे मला कसं सांगायचं याची काळजी. हे सगळं अगदी साध्या आवाजात, भाजी निवडताना बोलावं तसं.

मग म्हणाली, "तुम्ही हात लावलेली गाडी तुम्ही उठल्यावर इक्बालभाई परत उघडतो. त्याने तरी किती दिवस झाकायचं? आणि तुम्हाला कळलं तर तुम्ही गॅरेजची पायरी चढायचे नाही, हे मला माहीत आहे."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. वळसंगला बैलगाडी आडवी आली, ब्रेक दाबला. ती दचकून म्हणाली, "हळू." हे मोठ्याने. मला ऐकू यावं म्हणून.

अव्वाने आज मला ओळखलं. नावाने हाक मारली, असं सु.ने सांगितलं.

११ नोव्हेंबर, मंगळवार
सांगोल्याच्या एका शिक्षकाची गाडी. इंजिन मध्येच धक्के देत होतं. दुपारभर बसून नीट केली. इक्बालला म्हटलं, झाली. नेहमीसारखा चारला चहाला गेलो. नेहमी अर्धा तास लागतो. आज कप तसाच ठेवून आठ मिनिटांत परत आलो.

बॉनेट उघडं. इक्बाल वाकलेला, पेचकसाची मूठ कानामागे. डोळे मिटलेले. मी शिकवलं तसेच.

मला बघून उभा राहिला. काहीतरी म्हणाला, त्यातलं 'पाना' एवढंच कळलं. पाना आत राहिला होता म्हणत असणार. पाना बाकावर होता.

तो घरी गेल्यावर इंजिन चालू करून तोच पेचकस तिथेच टेकवून बघितला. हाडाला थरथर लागते. तो बारीक टकटक आवाज, ज्यावर माझं सगळं नाव आहे, तो नाही. इंजिनात नाही असं नाही. इक्बालने तर तेवढ्याच आवाजावरून टॅपेट घट्ट केला असणार, किंवा सैल. मला तेही सांगता येईना.

१२ नोव्हेंबर
गेलो नाही. अंग दुखतंय असं सांगितलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
इक्बालला विचारलं, किती दिवसांपासून. कॉम्प्रेसर चालू होता, दुरुस्तीच्या दोन गाड्याही चालू. त्याने आधी कॉम्प्रेसर बंद केला. मग एक गाडी, मग दुसरी. हात पुसत अगदी जवळ आला. एवढं सगळं बंद करावं लागतं माझ्याशी एक वाक्य बोलायला.

"दीड साल हुआ, उस्ताद."

मला का सांगितलं नाहीस म्हटलं. माझा आवाज चढला होता, असं त्याच्या तोंडावरून दिसलं. तो म्हणाला, "कान पकड के सिखाया आपने मेरेकू. मैं किस मुँह से बोलूँ?" मग म्हणाला, भाभींना त्यानेच सांगितलं. एका गाडीचं इंजिन माझ्या हातून जवळजवळ गेलं होतं, मागच्या उन्हाळ्यात. त्याने ते रातोरात उतरवून पुन्हा भरलं. ती गाडी मला आठवते. गिऱ्हाईक पेढे घेऊन आलं होतं. मी त्यांतले दोन खाल्ले होते.

"उस्ताद, गाड्या आपच देखो. मैं पीछे हूँ ना," म्हणाला. त्याने पुन्हा कॉम्प्रेसर चालू केला.

१५ नोव्हेंबर, शनिवार
शोरूमचा फोन, सु.ने घेतला. सोमवारपर्यंत कळवा म्हणतात.

कागदावर दोन्ही गाड्या मांडायला बसलो. डिकी मी टेपने मोजली होती, पे.ची मोठी, पण तोंड अरुंद. इ. अक्कलकोटला दोनदा जाऊन येईल एवढी चालते, हे स्वतः बघितलं. दुरुस्ती पे.ची मला येते. येत होती. हे सगळं लिहिलं आणि कागद फाडला, कारण प्रश्न त्यात नाहीच.

इ. घेतली तर सु. बोललेलं मला ऐकू येईल. पण एक ना एक दिवस माझ्या तोंडावरून तिला कळेल. मग ती गाडीतही गप्प बसेल, घरात बसते तशी. पे. घेतली तर ती बोलत राहील आणि मला ऐकू येणार नाही. गुडघा, अव्वा, पल्लवी, सगळं खिडकीबाहेर जाईल.

तिसरी गोष्ट म्हणजे सरळ सांगून टाकायचं, ऐकलं मी. तोंडापाशी येतं.

'काय?', 'काय म्हणालीस?' हे मी गेल्या दोन वर्षांत किती वैतागून विचारलं असेल. तिने लहान गोष्टी सांगणं सोडलं, त्यात तिची चूक काय. लहान गोष्ट कुणी ओरडून सांगत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार
अव्वाकडे. जुनीच गाडी, डबे भरून पाणी बरोबर. तापली नाही.

जाताना सु.चे ओठ हलत होते. मी डावा कान जरा तिच्याकडे केला, मान न वळवता. इंजिन, वारा, सैल दाराची खडखड. तिचं एक अक्षर नाही. एकदा ती हसली. एकदा डोळे पुसले. कशाला, ते मला माहीत नाही. मागच्या रविवारच्या आधी यातलं काही माहीत नव्हतं तेव्हा ही गाडी मला चांगली वाटत होती.

अव्वा झोपूनच होती. सु. तिच्या कानाशी वाकून कानडीत बोलत बसली, तासभर. अव्वा उत्तर देत नव्हती. सु. तरी बोलत होती. तिला सवय आहे.

येताना एका उतारावर मी इंजिन बंद केलं. तीस वर्षांत दुसऱ्याने केलं तर मी शिव्या घालतो असलं काम. दोनशे फूट गाडी नुसती घरंगळली. तेवढ्यात "...त्या वेळी तुम्ही किती बोलायचा," एवढं ऐकू आलं. पुढे चढ होता. चालू करावी लागली.

१७ नोव्हेंबर, सोमवार
शोरूमच्या बाईंनी घरीच फॉर्म पाठवला. दोन्ही गाड्यांची नावं छापलेली, एकावर खूण करायची. इ.पुढे 'इंजिन' हा शब्द इथंही चुकीचा. आज खोडला नाही.

सकाळी सु.ने चहा आणला. मिक्सर बंद, पंखा बंद, खाली रिक्षाही नव्हती. मी पेपर धरून बसलो होतो. तिने हळूच विचारलं, "मग कुठली घ्यायची?"

नीट ऐकू आलं.

मी पेपरातून मान वर केली नाही. वाटलं, पुन्हा विचारेल, जरा मोठ्याने, तेव्हा सगळंच सांगेन. थांबलो. ती पण थोडा वेळ थांबली. मग कपाचा कान माझ्या हाताला येईल असा फिरवून ठेवला आणि आत गेली.