दारापुढल्या चपला आन् मंजुषाचं टोकन

३ नोव्हेंबर, सोमवार

चपलांचे फोटो काढतं का कुणी? न विचारता? आज दवाखान्याच्या दारातल्या रांगेचे एका पोरीनं मोबाइलवर फोटो काढले. वरून काढले, बाजूनं काढले, वाकून काढले. खून झालेल्या जागेचे पोलीस काढतात तसे. आन् पोरगी कोण? माझीच नात मंजुषा. पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत हाय. दवाखान्यात काम कसं चालतंय ते बघायचं, कुठं अडतंय ते हुडकायचं आन् तिथं सॉफ्टवेअर बसवायचं, ही तिची नोकरी. शंभुलिंग डॉक्टरनं तिला बोलावलंय. मला सांगितलं बी न्हाय.

असो. राम राम. नव्या वहीला आधी म्हणायचा असतो, ते रागात राहून गेलं.

परंड्यातला हा दवाखाना डॉक्टरच्या बापाचा. त्यांच्या काळात म्या इथं आया होते. रिटायर झाले, स्टूल सोडलं न्हाय. केबिनच्या दाराला लागून माझं स्टूल. पेशंट येतो, रांगेत चपला काढतो आन् समोर च्या प्यायला जातो. चपला पुढं सरकवणार म्या. नंबर आला की हाळी मारणार म्या. कुणाची चप्पल कुणाची, हे मला बघताक्षणी कळतं. हे काम मला कुणी दिलं न्हाय. द्यायला कशाला लागतंय?

अडतंय कुठं, म्हणे. म्या बसलेली असताना?

४ नोव्हेंबर

ठरलं. मंजुषाशी एक अक्षर बोलायचं न्हाय. दवाखान्यात न्हाय आन् घरात तर मुळीच न्हाय.

५ नोव्हेंबर

सगळं सांगितलं.

तिनं विचारलंच तसं. म्हणाली, आज्जी, ही रांग कशी चालते ते तुमच्याशिवाय कोण सांगणार? आता खरं ते खरं. म्हणलं, लिही. पोटुशी बाई आली की आधी. लेकरू लई रडायला लागलं की आधी. अन्वरीबी आधी, कारण ती माझी लग्न झाल्यापासूनची मैत्रीण. डॉक्टर हायेत का असं उर्मटपणे विचारणारा मागं. दात काढत येणारा मागं, त्याला काय धाड भरलीय? आन् शेजारचा धुळाप्पा सगळ्यात शेवटी.

ती म्हणाली, शेवटी का?

म्हणलं, त्याची शेळी माझी मेथी खाऊन गेली. बोलायला गेले तर म्हणतो, मावशी, शेळीला वाचता येत असतं तर पाटी लावली असती. असली जीभ! तवापासून त्याच्या चपला मागं. तो पुढं ठेवतो, म्या मागं सारते. तो बघतो, म्या छताकडं बघते.

मंजुषा टकटक टाइप करत होती. मधी एकदा थांबली आन् म्हणाली, आज्जी, हे सगळं रोज? म्हणलं, रोज. ज्ञान हाय ते. पुण्यात मिळायचं न्हाय.

८ नोव्हेंबर

आज मंजुषानं डॉक्टरला भिंतीवर चित्र दाखवलं. म्या बी दारातून बघितलं. चौकोन, बाण, चौकोन, बाण. पेशंट येतो, केसपेपर, तपासणी, औषध. सगळे चौकोन निळे. मधला एकच लालभडक, आन् सगळे बाण त्यात शिरून गुंता झालेले. त्यावर लिहिलं होतं, दारातलं स्टूल.

मला भरून यायचंच बाकी होतं. सगळा दवाखाना माझ्यातून जातो, हे निदान कंप्युटरला तरी कळलं. लाल रंग काय कुणालाबी देतात का?

डॉक्टर म्हणाला, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ इथं जातो? मंजुषा म्हणाली, व्हय सर, इथंच. म्या मनात म्हणलं, जाणारच. नीट काम करायला वेळ लागतो. डॉक्टरनं माझ्याकडं बघून मान खाली घातली. बापाच्या पश्चात म्या एवढं सांभाळलं, त्याची लाज वाटली असणार त्याला.

१२ नोव्हेंबर

टोकन सुरू. बाहेर मशीन. आधी निखत सिस्टर पेशंटला काय होतंय ते विचारते, कंप्युटरात घालते, मग चिठ्ठी बाहेर येते. दारावर टीव्ही, त्यावर नंबर. माझ्या डोक्यावरच टांगलाय. मान वर करून लोक टीव्हीकडं बघतात, माझ्याकडं कोण बघत न्हाय. उद्याच्या उद्या हे मशीन बंद पडणार. लिहून ठेवते.

१३ नोव्हेंबर

पडलं! मशीन न्हाय, कारभार पडला. लोकांनी टोकन घेतलं, चपला काढल्या, टोकन चपलेत ठेवलं आन् च्या प्यायला गेले. टीव्ही बोंबलतोय, यायला माणूस न्हाय. चपलांना डॉक्टर तपासणार का?

त्यात म्या पंखा लावला. नोव्हेंबर असला म्हणून काय झालं, मला उकडत होतं. टोकनं उडाली ती पार औषधाच्या दुकानापर्यंत. सगळे आले, ज्यानं त्यानं कुणाचंबी टोकन उचललं, खोकल्याच्या पेशंटला मुळव्याधीचा नंबर. बोंबाबोंब. म्या स्टुलावर उभी राहिले आन् चपला बघून रांग लावून दिली. लोक म्हणाले, हरणाबाई, तुम्ही होता म्हणून.

मंजुषा चिडली न्हाय. भिंतीला टेकून लिहीत होती. हरली म्हणजे लिहितात माणसं.

१५ नोव्हेंबर

मंजुषानं च्याच्या टपरीवर कर्णा लावला. नंबर आला की तिथंच नाव घेतोय. लोक बशी खाली ठेवून पळत येतात. टोकनला भोक पाडून दोरा दिलाय, गळ्यात घालतात. चपला आता भिंतीकडं कशाबी पडलेल्या असतात. घाण दिसतंय.

अन्वरीला म्हणलं, ये गं, बस, तुला आधी सोडते. टोकन दाखवून म्हणते कशी, रहने दो हरणाबाई, मेरा नाव खुद बुलारा वो. लई वर्षांची मैत्रीण! एका कर्ण्यापायी गेली.

म्या काय कच्ची न्हाय. मशीन नंबर सांगेल. दार उघडणं तर माझ्याच हातात हाय ना?

१७ नोव्हेंबर

धुळाप्पा आला. मंजुषाच्या राज्यात शेवटी आलेला माणूस पहिला! बाकी सगळे बसलेले, अन्वरी बसलेली, आन् टीव्हीवर याचा नंबर लाल अक्षरात. निखत सिस्टर ओरडायला लागली, यांना आधी सोडा. म्या म्हणलं, का म्हणून? आत्ता आलाय हा. म्या स्टूल दारात आडवं घातलं आन् वर बसले. धुळाप्पा काय बोलला न्हाय. एरवी त्याची जीभ लई चालते. तोंडावर घाम, हात छातीवर. म्हणलं, नाटकं करतो मेला.

तो खाली बसला. मग आडवा झाला. म्या तरी स्टूल सोडलं न्हाय.

डॉक्टर आतून ढकलतोय, दार उघडेना. मंजुषानं मला दंडाला धरून उठवलं. माझ्या नातीनं! ओरडली, आज्जी, सरका. तिच्या तोंडून असला आवाज म्या कधी ऐकला नव्हता. लगेच अँब्युलन्स आली, सोलापूरला नेला.

१८ नोव्हेंबर

माझी काय चूक? छातीत दुखतंय असं त्यानं मला सांगितलंच न्हाय. निखतला सांगितलं, मला न्हाय. आन् सांगितलं असतं तरी त्याच्यावर इश्वास कोण ठेवणार? शेळीवरून बी थट्टा करणारा माणूस. शिवाय म्या दारात जास्त वेळ बसले न्हाय. जरा वेळ. जरासाच.

त्याची बायको अयोध्या सोलापूरहून कपडे न्यायला आलेली, रस्त्यात भेटली. तोंड फिरवून गेली. मग म्या बी फिरवलं.

२१ नोव्हेंबर

स्टूल न्हाय. सकाळी गेले तर जागा मोकळी, फरशीवर चार पायांचे डाग तेवढे. डॉक्टर हात जोडून म्हणाला, मावशी, आता आराम करा. म्हणलं, स्टूल कुठाय? म्हणाला, निखत सिस्टरला दिलं, दिवसभर उभी असते बिचारी. बापाचा एक गुण घेतला न्हाय.

मंजुषाला घरी म्हणलं, तुझ्या लाल चौकोनाचं काय झालं? मानाचा होता ना? ती म्हणाली, आज्जी, लाल म्हणजे जिथं काम तुंबतं ती जागा. त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं.

पाहिजेच होतं. म्या तिला ताट वाढलं आन् उठून गेले.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बीपीची गोळी संपली. गेले. निखत स्टुलावरून उठली, बसा म्हणाली. बसले न्हाय. टोकन घेतलं, गळ्यात घातलं, बाकड्यावर बसले, सगळ्यांसारखी. शेजारी येऊन कोण बसावं? धुळाप्पा. सोलापूरहून कालच आला. वाळलाय. सोबत अयोध्या.

वाटलं, आता शिव्या देईल. म्या तयारी करून ठेवली होती. त्यानं दिल्या न्हायत. हळू आवाजात म्हणाला, मावशी, सोलापूरचा डॉक्टर म्हणला, अजून थोडं आडलं असतं तर संपला असता. मला एवढंच सांगा, म्या पुढ्यात आडवा पडलो, तुम्ही बघत होता, तरी उठला का न्हाय?

कर्ण्यानं माझं नाव घेतलं. एवढं गोड मला कधी वाटलं नव्हतं. उठून आत गेले. डॉक्टरनं बीपी बघितलं, लई वाढलंय म्हणाला. वाढणारच. बाहेर आले तर धुळाप्पा तिथंच, उत्तराची वाट बघत. म्या औषधाच्या दुकानातून मागच्या दारानं घरी आले. चपला तिथंच राहिल्या.

आत्ता अयोध्येनं निरोप पाठवलाय. उद्या सकाळी नवऱ्याला घेऊन घरी येतेय, उत्तर घेतल्याबिगर जाणार न्हाय म्हणते. यावं. म्या मागच्या खोलीत बसणार, कडी लावून. अडतंय कुठं ते मंजुषानं हुडकलं. मग त्याला उत्तर बी मंजुषानंच द्यायचं.