न केलेली स्लाईड

२६ ऑगस्ट, अमरावती
लॅबमध्ये डेंगूची रांग. दुपारी धाकटा भाऊ निलेश आला बाळापूरहून, चार दिवसांचा ताप घेऊन. शाळेत पी.टी. शिकवतो, पण सुई पाहून तोंड फिरवतो अजून. घरचं सँपल म्हणून नोंद नाही केली, रांगेच्या मधातच मशीनवर लावलं. प्लेटलेट कमी, पांढऱ्या पेशीही कमी. 'स्लाईड पाहा' असा इशारा आला. या दिवसांत मशीन उठसूट तेच सांगते, स्लाईड केली नाही. व्हायरल हाय म्हटलं, आराम कर. जेवून गेला.

१६ सप्टें.
निलेश पुन्हा. दात घासताना रक्त, नडग्यांवर निळे डाग. म्हणे कबड्डीत लागलं. चेहरा पांढराफटक. या वेळी स्लाईड केली, रंगवली, मायक्रोस्कोपखाली धरली. मोठमोठ्या कच्च्या पेशी. ब्लास्ट. शंभर मोजल्या, चौसष्ट त्याच. पुन्हा मोजल्या. लॅबच्या डॉक्टर मॅडमले बोलावलं. त्यांनी पाहिलं, विचारलं, कोणाची? माझ्या भावाची, म्हटलं. त्यांनी मले खुर्चीत बसवलं.
ऑगस्टचं त्यांना माहीतच नाही. नोंद कुठे आहे?

१९ सप्टें., अकोला
बोन मॅरो झाली. ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया. उद्यापासून केमो. आई सारखी विचारे, रक्ताले झालं काय? सांगितलं, हाडाच्या आत मगज असतो, रक्त तिथं तयार होते. तिथं कच्च्या पेशींचं रान माजलं. पिकत नाहीत, हटत नाहीत, बाकीच्यांले जागा ठेवत नाहीत. लाल रक्त नाही म्हणून दम लागते. प्लेटलेट नाही म्हणून रक्त थांबत नाही. लढणाऱ्या पेशी नाहीत म्हणून ताप.
आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणे, "गेल्या महिन्यात त तू व्हायरल म्हटलं होतं."
मी चहा आणायले गेली.

२८ सप्टें.
केमोचा हप्ता संपला. पांढऱ्या पेशींचा काउंट जवळजवळ शून्य. मावशी अचलपूरहून संत्री घेऊन आली, खोकत होती, दारातूनच परत पाठवली. रागावली. रागावू दे.
डॉक्टरले आडून विचारलं, तीन आठवडे आधी समजलं असतं तर? म्हणे, सांगता येत नाही. त्यांनी मले झापायले पाहिजे होतं. त्यांनी पाणी दिलं.

७ ऑक्टो., अमरावती
ड्यूटी. आता सर्दीवाल्याचीही स्लाईड करून राहिली मी. पोरी हसतात. हसा बाप्पा.
डोळे मिटले की रंगवलेल्या पेशींचे जांभळे गोल दिसतात. कालच्या पेशंटचे नाहीत. ऑगस्टचे. जी स्लाईड केलीच नाही तिच्यात मी काय पाहते? कधी दोन ब्लास्ट, कधी वीस. कधी एकही नाही, तेव्हा जरा बरं वाटते, अन् मग स्वतःचीच घाण वाटते. आईले सांगू? त्याले? आधी तो बरा होऊ दे, असं म्हणते अन्...

१७ ऑक्टो., अकोला
बडनेऱ्याहून सकाळची गाडी. निलेशचा ताप उतरला. केस गेले, कान मोठे दिसून राहिले. थट्टा केली त हसला. उद्या पुन्हा बोन मॅरो, कच्च्या पेशी उरल्या का ते पाहायले. उरल्या त पुढं कठीण. त्याले सगळं माहीत आहे.
आज सांगायचंच, असं ठरवून गेली होती. मास्क लावून पलंगाजवळ बसली. तोंड उघडलं, तेवढ्यात तोच म्हणे,
"ताई, रिपोर्ट कोणाचाही येऊ दे. उद्याची स्लाईड तू स्वतः पाय. तू सांगशील तेच खरं."
मी काऊन, म्हटलं. डॉक्टर आहेत ना.
"तू पयल्या खेपेले स्लाईड पाहूनच सांगितलं होतं ना. तवा रक्तात काही नसंल त नसंल. तू चुकत नाहीस."
मी त्याच्या डोळ्यांत पाहू शकली नाही. "हो, पाहूनच," म्हटलं. त्यानं पांघरूण ओढून घेतलं, बरं वाटलं असेल त्याले. नर्सनं वेळ झाली म्हणून मले बाहेर काढलं.
उद्या अकरा वाजता स्लाईड रंगवून मिळेल. इथल्या डॉक्टरांनी पाहू देतो म्हटलं.