कोरे वाफे

सोमवार, १२ जानेवारी

१. गुरुवारी राजधानीहून पाहुणे आमचे मिरचीचे वाफे बघून गेले.
२. त्याआधीच्या रविवारी, मी घरी गेलेली असताना, कोऱ्या वाफ्यांतली सगळी कुजकी फळं तोडून टाकण्यात आली.
३. त्याच वाफ्यांवर बाजारातलं बुरशीनाशक मारलं.
४. हे बू यूस्तिनांनी करवलं. बू म्हणजे बाई; विद्यापीठातल्या आमच्या विभागाचं कार्यालय त्याच सांभाळतात.
५. मला आज कळलं.

कोरे म्हणजे ज्यांवर काहीही मारायचं नाही ते. ते कुजायलाच ठेवलेले. त्यांच्याशी ताडून बघितल्याशिवाय आमचं जैविक औषध चालतं की नाही हे कळणार कसं? अख्खा हंगाम गेला!

बू यूस्तिनांना विचारलं. चेहऱ्यावर कौतुकाची अपेक्षा. “अगं, पाहुण्यांना सडका माल दाखवायचा? तुझ्या घरी कोणी आलं तर आधी मोरी दाखवतेस का?” वर गोड चहा पुढे केला.

मी “बरं, बू” म्हणाले. चहा प्याले. किळस आली — चहाची नव्हे.

मंगळवार, १३ जानेवारी

आमच्या सरांना, पाक दार्सोनोंना, सांगितलं. प्रकल्प त्यांचा, मी त्यांची संशोधन साहाय्यक. शांतपणे ऐकून घेतलं. “न्दुक, बूंच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना बोलू नकोस, लाजतील.” लाडात आले की ते मला न्दुक म्हणतात, म्हणजे पोरी.

शेताचं काय, ते बोललेच नाहीत.

मंगळवार, २० जानेवारी

शेवटची तोडणी. आमचं औषध मारलेल्या वाफ्यांत निम्मी फळं कुजकी. कोरे वाफे जवळजवळ स्वच्छ.

गिलांग — माझ्या शेजारच्या टेबलावरचा — हसून हसून बेजार. “म्हणजे आपलं औषध न मारणं हेच उत्तम औषध! पेटंट घेऊया!”

मला हसू आलं नाही. पाहुणे यायच्या आधीसुद्धा दोन्हीकडे सारखंच कुजत होतं. तेव्हाच दिसायला लागलं होतं. आमचं औषध चालत नाही.

बुधवार, २१ जानेवारी

पाक दार्सोनो म्हणाले, कोऱ्या वाफ्यांचे आकडे गेल्या पावसाळ्यातले घे. गेल्या पावसाळ्यात सगळीकडे नासाडी झाली होती. ते आकडे शेजारी ठेवले की आमचं औषध देवदूत दिसणार!

“पण ते वेगळं वर्ष होतं, पाक.”

“तेच शेत, तीच मिरची. बुरशीला वर्ष कळतं का?”

खोलीतले सगळे हसले. तेही हसले. यंदा त्यांचं पूर्ण प्राध्यापकपद अडलंय ते एका शोधनिबंधासाठी. हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून सगळे इतके मनापासून हसतात.

मी आकडे बदलणार नाही म्हणाले. हळू आवाजात, पण म्हणाले.

गुरुवार, २९ जानेवारी

आकडे गिलांगने बदलले. माझ्यासमोर. तळलेलं केळं खात.

बुधवार, ४ फेब्रुवारी

निबंध पाठवला म्हणून विभागात जेवण. मधोमध पिवळ्या भाताचा डोंगर. त्याचं टोक कापून ज्याचा मान त्याला देतात. मला वाटलं, पाक दार्सोनो स्वतः घेतील. त्यांनी ते माझ्या ताटात ठेवलं!

“पहिलं नाव वेनिंगचं. खरी मेहनत तिची.”

टाळ्या. बू यूस्तिनांनी डोळे टिपले. जपानच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारसही देणार म्हणे. मी वाकून आभार मानले आणि ते टोक खाल्लं. सगळं. नंतर हात तीनदा धुतले, तरी हळदीचा वास जात नाही.

जेवताना बू यूस्तिना सांगत होत्या — पुढच्या हंगामात वर डोंगरातल्या गावांना हेच औषध वाटणार. दुसरं काही मारायची गरज नाही, असं सांगून.

तिथे मिरचीशिवाय दुसरं पीक नाही.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

गिलांगला विचारलं, पहिलं नाव माझं का?

“बाई गं, एवढं शिकलीस आणि! संपादकाचे प्रश्न पहिल्या नावाला येतात. उद्या काही निघालं तर पाक म्हणणार, पोरीने केलं, मी विश्वास ठेवला. मला तिसरं नाव मिळालं, मी झोपतो निवांत.”

मान म्हणे!

बुधवार, ११ फेब्रुवारी

संपादकाची मेल आली. साधा प्रश्न: सगळे आकडे याच हंगामातले, याच वाफ्यांतले आहेत ना?

पाक दार्सोनो माझ्या खुर्चीमागे उभे. “फक्त ‘हो’ लिही, न्दुक. एक शब्द. जपानची शिफारस आजच सही करतो.” खांद्यावर हात ठेवला, वडिलांसारखा. मी खांदा काढून घेतला नाही. “बरं, पाक” म्हणाले.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पाठवलं. इथे उतरवून ठेवते.

“संपादक महोदय, नाही. दुसऱ्या तक्त्यातले कोऱ्या वाफ्यांचे आकडे गेल्या वर्षीचे आहेत. यंदा त्या वाफ्यांवर बुरशीनाशक मारलं गेलं. या निबंधात पहिलं नाव माझं आहे. त्या नात्याने मी तो मागे घेत आहे. यंदाचे मूळ आकडे सोबत जोडले आहेत. याची प्रत पाक दार्सोनो यांना पाठवली आहे. औषधाचं वाटप ठरायच्या आत, शुक्रवार २० फेब्रुवारीपर्यंत, कृपया उत्तर द्यावं.”