सात नंबरचा उंदीर आणि माझी करंगळी

सदर, नागपूर
१२ सप्टेंबर १९८७

प्रिय चंपतराव यांस वामनरावाचा सप्रेम नमस्कार.

उमरेडला तुमची कंबर आता कशी आहे? वाकून काही उचलू नका. इकडे माझ्या डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अजून बधिरच आहे. (मे महिन्यात कूलरचा पत्रा लागून नस कापली तेव्हा शिडी तुम्ही धरली होती. त्यात तुमचा काही दोष नाही, असं मी सगळ्यांना आपण होऊन सांगतो.)

पत्र लिहायला कारण तुमची ताई, म्हणजे आमच्या इंदूबाई. आपली उत्तरा नसांच्या पेशींना वाढवणाऱ्या आणि जगवणाऱ्या एका प्रथिनावर प्रबंध लिहिते आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. ते प्रथिन सापडतं नर उंदराच्या जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथीत. (गेल्या वर्षी या शोधाला नोबेल मिळालं. उंदराला काही मिळालं नाही.) कॉलेजात उंदरांच्या खोलीचं छत गळू लागलं, म्हणून पोरीने बारा पांढरे उंदीर दहा दिवसांसाठी घरी आणले. नेमके तेच दहा दिवस घरात गणपती. ताईने पहिल्याच आरतीला पिंजरा मखराशेजारी मांडला, बाराही जणांना कुंकू लावलं आणि मोदक चारले. गल्लीतल्या बाया मूर्तीपेक्षा पिंजऱ्यासमोरच जास्त वेळ हात जोडून उभ्या राहू लागल्या. (खुद्द वाहन समोर बसून मोदक कुरतडतं आहे म्हटल्यावर त्यांचं तरी काय चुकलं?)

विसर्जन झालं. उत्तरा पिंजरा न्यायला आली, तर ताई दार अडवून उभी. "ज्याले माह्या हातानं मोदक चारला, त्याचा गळा कापून राहिली काय वं तू?" उत्तरा म्हणाली, "आई, दिवाळीच्या आत प्रबंध नाही देल्ला तर माह्ये चार वर्षं पाण्यात गेले." नवे उंदीर यायला दोन महिने लागतात. तेव्हापासून मायलेकी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलतात. पोरगी दोन घास खाऊन उठते, ते मला बघवत नाही. बाकी या प्रकरणात मी पूर्ण तटस्थ आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
वामनराव

ता. क. उत्तरा सांगते की हे प्रथिन नागाच्या विषातही असतं. तुमच्या शेजारचा देवाजी नाग धरतो ना? त्याच्याकडून थोडं विष मिळवाच, म्हणजे उंदरांना हात न लावता प्रबंध होईल. फक्त विष पाठवा, नाग नको. ताई त्याच्यापुढे दूध ठेवील आणि मग तोही घरचाच होईल.

ता. क. दुसरा. तटस्थ असल्याचं वर लिहिलं, ते खरं नाही. ताईला दारात मीच उभं केलं. रोज दुपारी मी पिंजऱ्याच्या गजांतून बोट घालतो आणि सात नंबरचा उंदीर ते चाटतो. उत्तरा हसते. चाटून ते प्रथिन आत जात नाही, शिवलेली नस आपली आपणच हळूहळू वाढते, म्हणते. असेलही. पण चंपतराव, काल त्याने करंगळी चाटली आणि मला गुदगुली झाली. विष लवकर पाठवा.