एक पाय, एक्केचाळीस मिनिटं

दि. ३ ऑगस्ट

चि. बगळ्यास,
अ. उ. आ.

फोनवर तू 'बरं आहे' या दोन शब्दांपलीकडे जात नाहीस, म्हणून जुन्या वाटेने येतेय. खरी बातमी तुझ्या लेकीकडून कळली. चाळीस वर्षं शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्यास आणि पडलास कुठून, तर स्वयंपाकघरातल्या स्टुलावरून! मांडीचं हाड छान बसलंय असं डॉक्टर म्हणतात, पण ऑपरेशनला पंधरा दिवस होऊनही तू त्या पायावर भार द्यायला तयार नाहीस. आणखी तीन आठवडे असाच पडून राहिलास तर पाय कायमचा आखडेल, मग शिडी विसरायची, असंही त्यांनी बजावलंय म्हणे. लेक फोनवर रडत होती. मी तिला म्हटलं, तुझा बाप जन्माचा हट्टी आहे, पण मला एकदा लिहून बघू दे.

आता गंमत ऐक. घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तर तळाच्या ट्रंकेत आपलं 'सर्वांत' सापडलं! त्याचं खरं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण अण्णांनी प्रूफाच्या रद्दी कागदाचं कव्हर घातलं ते कायमचं, आणि आपल्यासाठी ते 'सर्वांत'च राहिलं. सर्वांत उंच माणूस, सर्वांत लांब नखं, देवमाशाशेजारी ओळीने उभ्या केलेल्या बसगाड्या. बांधणीत बिघडलेली प्रत अण्णा प्रूफं वाचायचे त्या छापखान्याने टाकून दिली आणि त्यांनी ती घरी आणली. त्यात कीटकांची सोळा पानं दोनदा आणि डोंगर-नद्यांची एकदाही नाहीत. डोंगर एवढे महत्त्वाचे असते तर पुस्तकात असते, असं तू वर्गात उभं राहून गुरुजींना सांगितलंस. छडी खाल्लीस, मत बदललं नाहीस.

बत्तीस वर्षं मी वाचनालयात मुलांचा विभाग सांभाळला. गोष्टींची पुस्तकं नीटनेटकी परत यायची, असली पुस्तकं मात्र कणा मोडून यायची. ज्या पोराला गोष्टीचं एक पान वाचायचा कंटाळा, तेच पालथं पडून तासभर कोळ्यांची चित्रं बघायचं. खूप दिवसांनी मला त्यातली मेख कळली. ते पुस्तक एकट्याने वाचताच येत नाही. काहीतरी अचाट दिसलं की शेजारच्याला कोपर मारून दाखवावंच लागतं. आपण दोघं तेच करायचो, आणि अजूनही काही नवल वाचलं की माझं कोपर उगाच हलतं.

मागच्या कोऱ्या पानांवर अण्णांनी सुरू केलेले 'घरचे विक्रम' जसेच्या तसे आहेत. दोन साक्षीदारांच्या सह्या असल्याशिवाय नोंद नाही, हा त्यांचा नियम. आईने सफरचंदाची न तुटू देता काढलेली सर्वांत लांब साल. आत्याच्या सलग सतरा शिंका. आणि तुझा, वय वर्षं नऊ: एका पायावर उभं राहणे, अंगणात, ४१ मिनिटं. त्या दिवसापासून तू बगळा झालास. त्या आकड्यावर एक पुसट रेघ आहे आणि खाली बारीक ठिपक्यांची रांग. मुंग्या काढल्यास ना? कीटक दोनदा वाचल्यावर दुसरं काय होणार!

तेव्हा बगळोबा, ऊठ. वहिनीला माझी आठवण सांग. लोभ आहेच, तो पायासकट जपावा.

तुझी,
ताई

---

दि. ९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. 'सर्वांत' सापडल्याचं वाचून खूप आनंद झाला आणि पुढचं वाचून तितकाच वैताग आला. म्हणजे तूही त्यांना सामील!

व्यायाम शिकवायला येते ती मुलगी माझ्या लेकीहून लहान आहे. पलंगाशी उभी राहून मला फक्त पाच सेकंद पायावर भार द्यायला सांगते, एखाद्या बाळाला घास भरवावा तशी. पहिल्या दिवशी प्रयत्न केला. पाय असा लटपटला की मी पलंगाची दांडी धरली आणि बायकोच्या देखत ओरडलो. तुला म्हणून सांगतो, भीती वाटते. शिडीवर वारा सुटला तरी कधी वाटली नव्हती.

त्यात हिने त्या मुलीला विक्रमाची गोष्ट सांगून ठेवली. आता ती रोज आठवण करून देते, की एक्केचाळीस मिनिटं उभ्या राहिलेल्या माणसाला पाच सेकंद म्हणजे काय! त्या आकड्यापुढे पाच सेकंद मोजून घ्यायची मला लाज वाटते. तेव्हा कृपा कर आणि ते पान फाडून टाक. खरंच सांगतोय.

औषधाच्या दुकानाची पाटी अर्धीच राहिली आहे. मालक रोज विचारून जातो. बहुधा दुसऱ्या कुणाला तरी द्यावी लागेल.

आणि मुंग्या मी काढलेल्या नाहीत. मी काढल्या असत्या तर सहा पायांसकट काढल्या असत्या.

लोभ असावा, उपदेश नसला तरी चालेल.

तुझा,
बगळा (निवृत्त)

---

दि. १३ ऑगस्ट

चि. बगळ्यास,
अ. उ. आ.

पान फाडलेलं नाही. त्याऐवजी त्रेपन्न वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट सांगते. रागावलास तर रागाव, पण बसून नको, उभा राहून रागाव.

त्या दुपारी आई बाहेर गेली होती, अण्णा आतल्या खोलीत खिडकीशी प्रूफं वाचत होते. तू अंगणात पाय उचललास, मी घड्याळात वेळ बघितली आणि पायरीवर बसले. तुझ्यावरून नजर हलवायची नाही हे साक्षीदाराचं काम. पण मांडीवर 'सर्वांत' होतं. कीटकांच्या दुसऱ्या सोळा पानांत पहिल्यापेक्षा काही वेगळं असेल, अशी मला आशा होती, आणि मी एकेक चित्र ताडून बघत बसले. मान वर केली तेव्हा तू एका पायावरच होतास. घड्याळात एक्केचाळीस मिनिटं झाली होती. मी तेवढी लिहून दिली आणि संध्याकाळी आईने माझ्या शब्दावर सही केली.

मधल्या वेळात तू काय करत होतास, मला माहीत नाही. बघितलं असं मी सांगितलं ते खोटं होतं. तू नऊ वर्षांचा, चेहरा लाल झालेला, मला सांगवलंच नाही. पुढे वाचनालयात इतकी वर्षं मुलांना खरं लिहिलंय का ते ताडून बघायला शिकवलं, आणि दर वेळी ही सही आठवायची.

ज्या आकड्याची तुला लाज वाटते त्याला माझ्या सहीपलीकडे आधार नाही. त्याच्याशी बरोबरी करत पडून राहू नकोस रे. माझ्या आळसापायी तुझा पाय गेला तर मला माफ करता येणार नाही स्वतःला.

उत्तर येवो न येवो, माझा जीव तिकडे लागला आहे.

तुझी,
ताई

---

दि. १९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की ही घाबरून स्वयंपाकघरातून धावत आली. हसताना टाक्यांची जागा दुखली, त्याचं पाप तुला.

अगं, तू बघत नव्हतीस हे मला त्याच दिवशी माहीत होतं! तुझी मान एकदा पुस्तकात गेली की घर पडलं तरी वर येत नसे. मी तीन-चार मिनिटं उभा राहिलो असेन. मग बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसलो. तुझं पान उलटल्याचा आवाज आला की घाईघाईने पाय उचलायचो. सोळा पानांत तेवढाच काय तो व्यायाम झाला. खरं सांगणार होतो, पण तू इतक्या ऐटीत सही केलीस, तुझं मन मोडवेना. मग बगळा नाव पडलं, अण्णांनी शाईने नोंद केली, आणि मी गप्प बसलो. आई-अण्णा गेले तेव्हा वाटलं, आता सांगायला तूच उरलीस, आणि तुलाच सांगायची हिंमत नाही. हिने त्या मुलीसमोर तो आकडा काढला की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पान फाड म्हटलं ते त्यासाठी.

तुझ्या पत्राने पाठीवरचं ओझं उतरलं. दुसऱ्या दिवशी ती मुलगी आली तेव्हा मी तिला आधी बादलीची गोष्ट सांगितली आणि मग उभा राहिलो. दुखऱ्या पायावर, दांडी सोडून. भीती होतीच, पण लाज नव्हती.

सोबत चिठ्ठी आहे. नियमाप्रमाणे दोन सह्या आहेत, एक हिची, एक त्या मुलीची. दोघींनी डोळ्यांत तेल घालून बघितलंय. नऊ सेकंद. जुना विक्रम खोडून ही चिठ्ठी त्याच्या जागी चिकटव.

अण्णांना आपण चांगलंच फसवलं, नाही? त्याचं मात्र अजून वाईट वाटतं.

औषधवाल्याला महिनाभर थांबायला सांगितलं आहे. तोवर माझ्यावर लोभ आणि पाळत दोन्ही असू द्यावी.

तुझा,
बगळा

---

दि. २४ ऑगस्ट

चि. बगळ्यास,
अ. उ. आ.

नऊ सेकंद! मी ते वाचून भर दुपारी शेजारणीला हाक मारून सांगितलं. तिला काही कळलं नाही, पण तिने माझं अभिनंदन केलं.

चिठ्ठी चिकटवायला बसले तर अण्णांनी घातलेलं कव्हर हातात सुटून आलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच त्याची आतली बाजू बघितली. तेही अण्णांनीच वाचलेलं प्रूफ. एका ओळीवर त्यांनी काट मारली आहे, मग त्या ओळीखाली बारीक ठिपके दिले आहेत आणि समासात लिहिलंय, 'खोडू नये, आहे तसे राहू द्या.' छापखान्यातली त्यांची ती खूण होती. आधी खोडलं, मग विचार बदलला, तर खाली ठिपके द्यायचे.

मी विक्रमांचं पान उघडलं. एक्केचाळीसवर रेघ, खाली ठिपके. बगळ्या, त्या मुंग्या नाहीत.

त्यांची खिडकी अंगणाकडेच उघडायची. बादली त्यांनी बघितली, पुस्तकात डोकं घातलेली मीही बघितली. प्रूफात एक काना चुकला तरी झोप न येणारा माणूस, त्याने तुझं-माझं धडधडीत खोटं खोडलं आणि मग राहू दिलं. आपल्या दोघांना एका शब्दाने बोलले नाहीत. मी किती वेळ पान हातात घेऊन रडले ते मोजायला साक्षीदार नव्हता.

तेव्हा जुना विक्रम मी खोडणार नाही. त्यांनी ठेवला आहे, तो राहील. तुझी चिठ्ठी त्याच्या खाली चिकटवली आहे. तिच्याखाली ठिपके द्यावे लागणार नाहीत.

शनिवारच्या गाडीने निघते आहे. दहावा सेकंद मला स्वतःला बघायचा आहे, आणि या वेळी पुस्तक घरी ठेवून येते.

तोवर उभा राहा. आशीर्वाद दोघांचेही आहेत, माझे आणि खिडकीतल्यांचे.

तुझी,
ताई