पूजेत ठेवलेली चावी

१० ऑगस्ट, रविवार
पापनाशम, कुंभकोणमजवळ. नवऱ्याचे, र.चे, काका चेन्नईला लेकीकडे कायमचे जाणार, म्हणून घर आवरायला गेलो. र. माळ्यावर, मी खाली. काका म्हणाले, मागं गिरणीतही थोडं सामान आहे. भातगिरणी कधीच बंद पडलीय, वटवाघळांचा वास. कोपऱ्यात ताडपत्री. सहज टोक उचललं आणि…

लाल मोटार. जुनी जपानी इंजिनाची, वरच्या मॉडेलची. आमच्या कॉलेजच्या वेळी कोल्हापुरात अशी एक गाडी होती, ती उभी असली की पोरं चहा सोडून बघायची. मीही बघायचे. बाबांच्या गॅरेजात ती एकदाच आली होती, ऑइल बदलायला, आणि बाबांनी त्या दिवशी बोनेट उघडण्याआधी हात दोनदा धुतले होते.

ही तशीच, पण नवीकोरी. पेडलचं रबर झिजलेलं नाही, सीटच्या कडा ताठ. मी तिथं किती वेळ उभी होते माहीत नाही. र. शोधत आला. म्हणाला, "हां, काकूची गाडी." इतकंच! बारा वर्षं झाली ह्या घरात येऊन, एका माणसानं तोंड उघडलं नाही. ह्यांच्या लेखी ती जुनी शिलाई मशीन.

१७ ऑगस्ट
पुन्हा पापनाशम. र. म्हणतो मी काकांसाठी जाते असं निदान म्हणावं तरी.

काकूला मी पाहिलेलं नाही, माझ्या लग्नाआधीच गेली. बँकेत ऑफिसर. स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि पहिली गोष्ट केली ती ही गाडी. शोरूमवाला म्हणाला होता, मॅडम, साधं इंजिन घ्या, तुम्हाला पुरे. काकूनं विचारलं, तुम्हाला किती पुरतं? काका हे सांगताना अजून हसतात. त्यांना स्वतःला गाडी येत नाही. कधीच शिकले नाहीत.

अकराएक हजार कि.मी.च झालेत म्हणे. मी विचारलं, दाखवता? कि.मी.चा आकडा डिजिटल, चावी फिरवल्याशिवाय दिसत नाही.
"चावी पूजेत आहे मा," काका म्हणाले. ह्यांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या इकडची; मा म्हणजे पोरी.
मला वाटलं देवघरात ठेवलीय, देतील. दिली नाही.

२४ ऑगस्ट
आज कळलं. आयुधपूजेला काकूनं चावी देवापुढं ठेवली, कुंकू लावलं. त्याच संध्याकाळी ती गेली. दुसऱ्या दिवशी विजयादशमीला चावी उचलायची राहिली. ह्यांच्याकडे नवमीला ठेवलेल्या हत्याराला दशमीपर्यंत हात लावत नाहीत. दशमीला उचलायचं आणि थोडं तरी वापरायचं, मग पूजा पुरी. आमच्या कोल्हापुरात खंडेनवमीला झेंडूची माळ घातली की त्याच दुपारी गाडी गावभर. मी तसं म्हटलं. काका ऐकून घेऊन म्हणाले,
"तिनं ठिवली, तिनंच काढायची."

सोळा-सतरा वर्षं. दर नवमीला त्या चावीवर कुंकू चढतंय. मला हसू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

३१ ऑगस्ट
कोइमतूरचे गृहस्थ आले, सेंदिल. कमी चाललेल्या जुन्या वेगवान गाड्या जमवतात. मालूनं, म्हणजे काकांच्या लेकीनं, फोटो पाठवले होते. माणूस वाईट नाही. ताडपत्री काढली तेव्हा चप्पल काढून उभा राहिला. मला तिथंच आवडला.

ते सांगत होते: ह्या गाड्या पोरांनी पिळून काढल्या, आपटल्या, सायलेन्सर बदलले. मूळ रूपात आणि न चाललेली अशी आता सापडत नाही, म्हणून तिची किंमत. ते तिला काचेच्या खोलीत ठेवणार, ओलावा मोजणारं यंत्र लावून. मग काकांना म्हणाले (इथं राव म्हणायचं तर रायर), "रायर, मीटर बघू या."
"चावी पूजेत आहे."
"कधी निघेल?"
काका ताडपत्री पुन्हा ओढायला लागले. सेंदिलनी माझ्याकडे असं बघितलं की समजलं: ह्यांना वाटतंय आम्ही आकडा लपवतोय! बिचाऱ्याचा काय दोष. मी तमिळमध्ये समजवायला गेले आणि आणखीच खोटं वाटायला लागलं.

७ सप्टें.
काकांनी परवानगी दिली. "अस्की हात लाव, चावी तेवढी नको." अस्की म्हणजे सगळं. सगळ्याला हात! मालूनं त्यांना दसऱ्यानंतर न्यायचं ठरवलंय, म्हणजे तेवढेच दिवस आहेत. माझ्या मनात काय आहे ते लिहून टाकते: ती काचेत जायच्या आधी एकदा तरी चालू झालेली ऐकायचीय. बाकी मला काही नको.

बाबांना फोन. रिटायर होऊनही आवाज लगेच गॅरेजातला झाला. "घाईनं स्टार्टर मारशील तर वाट लागेल. प्लग काढ, थोडं तेल सोड, दोन दिवस मुरू दे. मग हातानं फिरव."

१४ सप्टें.
फिरलं.

लांब पान्यानं, पुलीच्या बोल्टवर. आधी काहीच नाही, भिंतीला ढकलल्यासारखं. मग अगदी थोडं सरकलं, आणि मग लोण्यातून फिरावं तसं. चावी नाही, बॅटरी नाही, माझ्या दोन हातांत ते आख्खं इंजिन. माणसानं इतकं नेमकं काही बनवावं आणि ते इतकी वर्षं कुणी न विचारता तसंच राहावं! डोळ्यांत पाणी आलं. र. म्हणाला, माझी आई आजारी होती तेव्हा नाही आलं. खरं आहे, पण सासूबाई इतक्या गप्प कधी नव्हत्या.

काका खुर्ची टाकून बसले होते. "जीव आहे?" म्हणाले. आहे म्हटलं.

२१ सप्टें.
टायमिंग बेल्ट, टाकी धुणं, नवं पेट्रोल, नवी बॅटरी, ब्रेक, टायर. पापनाशमचा मेकॅनिक आणि मी. नोंदणी संपलेली, रस्त्यावर नेता येणार नाही. पण गिरणीचं भात वाळवायचं अंगण लांबच लांब आहे, काँक्रीटचं.

सेंदिलना कळलं. फोनवर जवळजवळ ओरडले, "एक मीटरसुद्धा चालवू नका मॅडम!" मी म्हटलं, चावीच नाही तर चालवू कशी.

२८ सप्टें.
काकांचं देवघर मालूकडे जायचंय. आज देव गुंडाळायची गोष्ट निघाली. काका म्हणाले: "पूजा अर्धी ठिवून देव हलवता येत नाही."
म्हणजे?
"म्हणजे चावी काढावी लागेल. काढली तर चालवावीही लागेल. न चालवता पूजा पुरी कशी होईल मा?"
मी देव गुंडाळायच्या फडक्यांच्या घड्या करत राहिले. काही बोलले असते तर ते माझ्या स्वार्थाचं झालं असतं.

२ ऑक्टो. विजयादशमी
सावकाश लिहिते.

काकांनी स्नान केलं, देवापुढं बसले. चावीचा ओळखू न येण्यासारखा लाल गोळा झाला होता. हात पुढं केला, मागं घेतला. मग म्हणाले, मला नाही, तिला: "तू येईनास. मीच काढतो." ओल्या पंच्यानं पुसत राहिले, पंचा लाल झाला.

गिरणीत ते डावीकडं बसले, मी उजवीकडं. चावी फिरवली. आकडा उजळला: अकरा हजार आणि थोडे. तितकेच. पहिल्यांदा नुसतं कुरकुरली, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा लागली. वटवाघळं उडाली. इंजिन तापेपर्यंत तशीच उभी ठेवली.

अंगणात दोन फेऱ्या हळू. मग एका टोकाला थांबवली. विचारलं, काका, जरा जोरात? मान हलवली. पहिल्या गियरमध्ये पाय दाबला. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चढत गेला आणि वर पोचल्यावर तो आवाज बदलला. कॉलेजच्या दिवसांपासून ज्याबद्दल ऐकलं होतं तो. गुरगुर संपते आणि एकदम मोकळा गळा लागतो, सगळी गाडी गाते. मी मोठ्यानं ओरडले, काय ते आठवत नाही. भिंतीआधी ब्रेक.

काका समोर बघत होते. "आणखी एकदा."
पुन्हा.
"हा आवाज मला माहीत नाही," ते म्हणाले. मला वाटलं काही बिघडलं. "मी सांगाती असलो की ती हळू न्यायची. मला चक्कर येते मणून. एकटी मात्र रोज कुंभकोणमपर्यंत जायची. मी विचारायचो, कोणतं काम असतं तुला? तर हसायची." त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला. "एवढं होतं होय तिच्यापाशी."

मला रडू आवरेना. त्यांनी मात्र डोळे पुसले नाहीत. अंगणभर बघत होते, जत्रेत आल्यासारखे.

४ ऑक्टो.
सेंदिलचा फोन, स्पीकरवर. आकडा ऐकून खूश. थोडा वाढला म्हणून फार बोलले नाहीत. लॉरी कधी पाठवू? काका म्हणाले, "लॉरी नको. आधी नोंदणी नवी करा. मग तुम्ही या आणि स्वतः चालवत न्या. रोज चालवणार असाल तर घ्या."
सेंदिल म्हणाले, "विचार करून सांगतो, रायर."

मालूचा लगेच फोन: अप्पांना समजाव, इतका चांगला माणूस पुन्हा मिळणार नाही. तिचंही बरोबर आहे. मी कुणाला काय समजावणार? हो म्हटलं.

समजवायला गेले तर काका घरात नाहीत. गिरणीत होते. चावी खिशात, आणि बसले होते उजवीकडं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाठ ताठ. ऐंशीला टेकलेला माणूस. मला बघून खाली पेडलांकडं वाकले.

"ह्या तिघांतला क्लच कोणता मा?"