लाल कपातलं कलम

ऑरिन,

माझ्या बहिणीच्या, व्हर्नाच्या गुडघ्याचं ऑपरेशन आजच करतायत, म्हणून तिच्यापाशी युरेकाला चाललेय. शनिवारी येईन.

खिडकीतल्या ट्रेमध्ये गांजाची कलमं आहेत. सकाळ-संध्याकाळ झाकण काढून पानांवर दोन फवारे मारायचे आणि झाकण परत लावायचं. बस्स. मुळं फुटेपर्यंत बुडाशी पाणी ओतलंस तर कुजतील. खत तर अजिबात नको. शेजारचा डेल्बर्ट त्याचं मासळीचं खत घेऊन येईलच. त्याला कॉफी पाज आणि खतासकट घरी पाठव. मागच्या वेळी त्या वासानं रॅकून स्वयंपाकघरात येऊन बसले होते.

आणि मुळं आली का बघायला कलम उपटायचं नाही! गेल्या वर्षी तू रोज उपटून बघायचास, "अजून नाही" म्हणायचास आणि परत खोचायचास. बारातली नऊ मेली, वर मातीला शिव्या घातल्यास. या वेळी कडेच्या लाल कपात एक जास्तीचं कलम खास तुझ्यासाठी लावलंय. हात शिवशिवले की ते उपट. दिवसातून दहादा उपट, मी काही बोलणार नाही.

टॅमसिनचंही तेच. आपल्या पोरीला पोर्टलंडला जाऊन आठच दिवस झालेत. "रमलीस का गं?" म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ फोन करतोस. तुझा फोन ठेवला की ती मला रडत फोन करते. तिला चार दिवस सोड.

अगदीच राहवलं नाही, तर मला फोन कर. दहादा कर.

तुझा लाल कप,
नेल्डा